हालिनाबाईंचे कोंबडे

काल दुपारी ऑफिसच्या कॉलवर असताना खिडकीबाहेर बर्फ सुरू झाला. शिकागोजवळच्या आमच्या शॉमबर्गचा पहिला बर्फ असाच येतो, कुणाला चाहूल न लागू देता. पडताना त्याचा आवाज तर होत नाहीच, उलट आधी जे काही ऐकू येत असतं तेही हळूहळू विरत जातं. हायवेची घरघर, पार्किंगमधल्या कुणाच्या तरी गाडीचं दार, पानं गोळा करणाऱ्या यंत्राची कटकट, सगळं कापसात गुंडाळल्यासारखं होतं. मी माइक बंद केला आणि नुसती बघत बसले. इतके हिवाळे झाले इथे, तरी पहिला बर्फ आला की मला घोटीव कागदाचा वास येतो. आपल्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मिळायचा ना, एका बाजूने चकचकीत आणि मागून पांढरा, तोच. नागपूरच्या शाळेत सोडून आलेला तो वास मला शिकागोच्या उपनगरात परत भेटला, आणि तोही एका पोलिश आजीच्या स्वयंपाकघरात.

तो माझा इथला पहिला हिवाळा. लग्नानंतर मी मंदारच्या मागोमाग आले ती डिपेंडंट व्हिसावर. पुण्यात मी एका कंपनीत ॲपची चित्रं काढायचे. बटणं, आयकॉन, पडद्यावर हसणारी-रडणारी छोटी माणसं. इथे काम करायला परवानगी नव्हती. मंदार सकाळी ऑफिसला ड्राइव्ह करून गेला की मागे मी, हीटरची फुरफुर आणि बाहेर पांढरं मैदान. ज्या लॅपटॉपवर मी दिवसदिवस चित्रं काढली होती, तो कपाटात स्वेटरांच्या खाली गेला. आई व्हिडिओ कॉलवर विचारायची, "काऊन गं, चेहरा असा काऊन दिसून राहिला?" मी म्हणायचे, "थंडी आहे, आई." एवढंच सांगता यायचं. माणूस दुःखात असेल तर सांगतो. रिकामा असेल तर काय सांगणार?

आमच्या कॉम्प्लेक्सची लाँड्री रूम सगळ्यांना मिळून एकच होती. तिथे एका सकाळी एक उंच, पाठीत थोडी वाकलेली, डोक्याला फुलाफुलांचा रुमाल बांधलेली आजी वॉशिंग मशीनशी झटत उभी होती. मी दोन बटणं दाबून मशीन सुरू करून दिलं. तिने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "पानी हालिना."

मला त्यातला पहिला शब्द नीट कळला. कुणीतरी हिला हिंदी शिकवलंय, याचंच मला अप्रूप वाटलं. मी बर्फातून घरी गेले आणि ग्लासभर पाणी घेऊन आले. आजीने ते आश्चर्याने पण पूर्ण प्यायलं. मग पुन्हा छातीवर बोट ठेवून, जरा सावकाश, म्हणाली, "पानी हालिना." मी दुसरा ग्लास आणला. तोही तिने संपवला, कारण ती फार सभ्य बाई होती. मग मात्र तिने माझा हात धरून मला बाकावर बसवलं, कोटाच्या खिशातून फोन काढला, त्यात काही बोलली आणि तो माझ्यासमोर धरला. फोनमधून आकाशवाणीवरच्यासारखी शुद्ध मराठी आली, "पोलंडमध्ये पानी म्हणजे बाई. कृपया आता पुरे."

आम्ही दोघी कितीतरी वेळ हसलो. पुढे कळलं की तरुणपणी पोलंडमध्ये त्या बालवाडीत शिकवायच्या आणि मुलं त्यांना 'पानी हालिना' म्हणायची. म्हणजे अगदी आपल्या शाळेतल्यासारख्या बाई. तेव्हापासून त्या माझ्यासाठी हालिनाबाई झाल्या. आईने मात्र फोनवरच त्यांना 'हालिनाकाकू' करून टाकलं.

नवऱ्याबरोबर त्या इथे आल्या तेव्हा शिकागोत त्यांच्या गल्लीत बेकरीपासून चर्चपर्यंत सगळीकडे पोलिश चालायचं, त्यामुळे इंग्रजीची कधी गरजच पडली नव्हती. नवरा गेल्यावर मुलगी एवा हिच्या जवळ राहायला म्हणून त्या या उपनगरात आल्या आणि इथे शब्दांवाचून अडकल्या. त्यांचं घर आमच्या समोरच्याच इमारतीत तळमजल्यावर होतं. मग दुपारी माझ्या घरी चहा, नाहीतर त्यांच्या घरी. मध्ये टेबलावर फोन उभा करून ठेवायचा. त्यांनी पोलिशमध्ये बोलायचं, मी मराठीत, आणि फोनने आपल्या अकलेप्रमाणे मध्यस्थी करायची. एकदा तो म्हणाला, "माझ्या गुडघ्यांच्या वतीने मी हवामानाचा निषेध करते." एकदा मी मंदारला बटाटेवडे आवडतात असं सांगितलं, तेव्हा हालिनाबाईंनी भुवया उंचावून बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. त्या गरीब यंत्राने त्यांना नेमकं काय सांगितलं, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

पण जिथे फोन हरायचा तिथे स्वयंपाकघर जिंकायचं. त्यांनी पहिल्यांदा पिरोगी केल्या तेव्हा फोन 'डंपलिंग' म्हणत बसला, आणि मला मात्र ताटात सरळ करंज्या दिसल्या. मुरड घालायची पद्धतसुद्धा तीच, फक्त सारण बटाट्याचं आणि उकळत्या पाण्यात सोडलेल्या. "तळत का नाही?" मी विचारलं. त्यांनी माझ्याकडे बोट करून फोनला विचारलं, "ती उकडत का नाही?" ख्रिसमसच्या आधी त्यांना खसखस हवी होती. मी त्यांना आमच्या देशी किराणा दुकानात घेऊन गेले. आपली खसखस पांढरी, त्यांची निळसर काळी. त्यांनी ती पिशवी उजेडात धरली आणि फोनकडून म्हणाल्या, "ही खसखस आजारी आहे का?" मी त्यांना अनारसे कसे करतात ते हातवारे करून सांगितलं. त्यांनी पिशवी घेतली. तरी घरी येईपर्यंत मांडीवर ठेवून तिच्याकडे काळजीने बघत होत्या.

ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी आम्हाला त्यांच्याकडे जेवायला बोलावणं होतं. मला शाकाहारी म्हणून धास्ती होती. पण त्या संध्याकाळी त्यांच्याकडे मांसच शिजत नाही. बिटाचं आंबूस सार, त्यात मशरूमच्या इवल्या करंज्या, कोबी, खसखशीची गुंडाळी आणि मासे तेवढे. मंदारची सोय झाली, माझीही झाली. रीत अशी की आकाशात पहिला तारा दिसल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. एवा, तिचा नवरा, त्यांची मुलगी कासिया, आम्ही दोघं, सगळे खिडकीशी उभे. बाहेर गच्च ढग. सार दोनदा गरम करून झालं.

"काकू, एक मिनिट," मंदार म्हणाला. त्याच्या फोनवर आकाशातले ग्रहतारे दाखवणारं ॲप होतं. त्याने फोन खिडकीकडे धरून हळूहळू फिरवला. "हा बघा. तारा आहे. त्या पार्किंगच्या वर, ढगाच्या मागे."

कासियाने ते आजीला पोलिशमध्ये सांगितलं. हालिनाबाईंनी चष्मा लावून फोनमध्ये पाहिलं, मग ढगात पाहिलं. धर्मात हे बसतं का, असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. शेवटी त्या म्हणाल्या आणि कासियाने भाषांतर केलं, "तारा आहे ना? मग झालं. दिसायलाच पाहिजे असं कुठे लिहिलंय?"

जेवणाआधी पापडीसारखी एक पातळ पांढरी चकती प्रत्येकाच्या हातात देतात. दुसऱ्याच्या चकतीचा तुकडा मोडून खायचा आणि त्याला काहीतरी शुभ चिंतायचं. हालिनाबाईंनी माझा तुकडा मोडला आणि या वेळी कासियाला बाजूला करून फोनच पुढे केला. "येत्या वर्षात तुम्हाला काम लागो," फोन म्हणाला. मी त्यांना माझ्या कामाबद्दल कधीच काही सांगितलं नव्हतं.

जानेवारीत त्यांनी मला स्वतःच काम लावलं. एका दुपारी त्यांनी पलंगाखालून पुठ्ठ्याची पेटी ओढली, आणि झाकण उघडताच तो वास आला. घोटीव कागद. लाल, हिरवा, केशरी, काळा. आत कातरलेल्या कागदाचे कोंबडे होते, समोरासमोर उभे, मध्ये फुलांनी लगडलेलं झाड, शेपटीच्या एकेका पिसावर दुसऱ्या रंगाचा कागद, त्यावर तिसरा. त्यांच्या आईच्या गावी हिवाळ्यात बायका असं कातरकाम करून घर सजवायच्या, आणि तेही मेंढ्यांची लोकर कापायच्या जाडजूड कात्रीने. ती कात्रीही पेटीत होती. इतक्या अवजड हत्याराने इतकी नाजूक पिसं कशी कापली असतील, ते मला समजेना. एवाच्या लग्नात हॉलच्या सगळ्या खिडक्यांना हालिनाबाईंनी असे कोंबडे लावले होते. आता इस्टर झाल्यावर कासियाचं लग्न होतं, आणि ती लहान असतानाच आजीने तिला कबूल केलं होतं, तुझ्याही खिडक्यांना लावीन म्हणून.

त्यांनी कात्री उचलली, घडी घातलेल्या कागदाला लावली, आणि मला दिसलं. हात थरथरत होता. थोडा नाही, पानावर वारा आल्यासारखा. कागद फाटला. त्यांनी कात्री खाली ठेवून तो हात दुसऱ्या हाताने झाकला.

फोनमधून ती आकाशवाणी म्हणाली, "एवाला सांगू नका. ती मला वृद्धांच्या घरात ठेवेल." मग थोड्या वेळाने, "तुम्ही चित्रकार आहात. तुमच्या आईने मला सांगितले."

आई आणि हालिनाकाकू माझ्या पाठीमागे, माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्या फोनवरच्या व्हिडिओ कॉलसमोर हालिनाकाकूंचा भाषांतराचा फोन धरून बोलल्या होत्या. मी तेव्हा बहुतेक लाँड्री आणायला गेले असेन. नागपूरची मराठी त्या ॲपला कशी पेलली, देव जाणे.

संध्याकाळी मी स्वेटरांच्या खालून लॅपटॉप काढला. ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उघडायला तासभर लागला, इतके अपडेट साचले होते. दुसऱ्या दिवशी हालिनाबाईंच्या हातात पेन दिलं आणि लॅपटॉपला जोडलेल्या टॅबलेटवर काढायला सांगितलं. अर्धा कोंबडा त्यांनी काढायचा, उरलेला अर्धा सॉफ्टवेअर आरशासारखा दाखवतं. कागदाला घडी घालण्याचाच तो प्रकार. पडद्यावर रेघ उमटली, तुऱ्यापासून मानेवरून शेपटीपर्यंत, आणि सगळीकडे तो कंप. बारीक बारीक लाटांची रेघ. मला ती फार सुंदर वाटली. एका म्हाताऱ्या हाताची खरी रेघ, असं काहीबाही मनात आलं, डोळेही ओले झाले. मी ती तशीच ठेवली, रंग भरले, प्रिंट काढून घेऊन गेले.

हालिनाबाईंनी कागद लांब धरून पाहिला.

"हा कोंबडा भिजलाय का?" फोनने विचारलं.

मी माझं सगळं म्हणणं मांडलं. ही तुमची रेघ आहे, हिच्यात तुमचं आयुष्य आहे, मला ती बदलायची नाही. फोनने ते कसं पोचवलं माहीत नाही, पण त्या शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होत्या. मग एकेक शब्द सुटा करत बोलल्या.

"कंप माझा आहे. कोंबड्याचा नाही. नवरीला माझं दुखणं कशाला द्यायचं?"

मी लॅपटॉप उघडला. रेघ सरळसुबक करायला त्यात एक सरकपट्टी असते. डावीकडून उजवीकडे सरकवत नेली की थरथर निवळत जाते. मी ती थोडी सरकवली. मानेवरच्या लाटा बसल्या. आणखी थोडी. शेपटीची पिसं मोकळी झाली, गोल वळली. हालिनाबाई पडद्याच्या अगदी जवळ आल्या. त्यांनी माझा हात बाजूला केला आणि स्वतः पट्टी पुढे नेली, मागे आणली, पुन्हा पुढे. अगदी उजवीकडे नेली तेव्हा कोंबडा दुकानातल्या स्टिकरसारखा गुळगुळीत झाला. त्यांनी मान हलवली. "हा कुणाचाच नाही." मग तितक्याच सावकाश पट्टी मागे आणत आणत एका जागी त्या थांबल्या. तिथे रेघ ठाम होती, पण जिवंत होती. तुऱ्याजवळ किंचित घाई, पोटाशी सैल. मग पोलिशमध्ये एकच वाक्य म्हणाल्या. फोन ऐकायला विसरला की मीच बटण दाबलं नव्हतं, कोण जाणे, पण त्या वाक्यात 'एवा' होतं आणि तळहात जमिनीपासून गुडघ्याएवढा उंच धरलेला होता. एवा एवढीशी होती, तेव्हाचा माझा हात. तेवढं मला भाषांतराशिवाय कळलं.

मी सॉफ्टवेअरमध्ये इतकी वर्षं काम करत होते. ते कुणाला स्वतःचा हात परत देऊ शकतं, हे मला त्या दुपारी समजलं.

गावच्या लायब्ररीत कागद कापायचं यंत्र होतं, लॅपटॉपला जोडलं की आतलं बारीक पातं चित्राप्रमाणे फिरतं. फेब्रुवारीभर आम्ही दोघी तिथे जायचो. बर्फाने माखलेले बूट दाराशी, हालिनाबाईंची कागदांची पेटी माझ्या मांडीवर. यंत्र कापायचं, आणि चिकटवायचं काम त्यांचं. तळव्याने दाबून ठेवायला हात स्थिर असावा लागत नाही, जड असला की पुरतो. लाल पिसावर केशरी, केशरीवर काळं. पहिल्या दिवशी यंत्र सुरू झालं तेव्हा त्यांनी त्याच्या पाठीवर थोपटलं, आपण गाईला थोपटतो तसं. घरी आल्यावर मी उरलेल्या कागदावर स्वतःचे ठिपके, स्वतःच्या वेली काढायला लागले. मंदार एकदा जेवताना म्हणाला, "यार, आज तू तीन वेळा हसलीस." मी म्हटलं, "मोजतोस काय?" त्याने माझं ताट उचललं.

एवाला मी काही सांगितलं नव्हतं, आणि ते मला टोचत होतं. मार्चमध्ये ती आईला घ्यायला लायब्ररीत आली. हालिनाबाई कोट घालत असताना ती मला हळूच म्हणाली, "आई वर्षभर कप अर्धाच भरतेय. मला कळत नाही का? ती स्वतः सांगेल म्हणून थांबलेय."

"त्यांना वाटतं तुम्ही त्यांना वृद्धाश्रमात ठेवाल."

"मी माझ्या घरातली तळमजल्यावरची खोली तिच्यासाठी कधीची रिकामी करून ठेवलीये," एवा म्हणाली. "तिला वाटतं, मला घरात व्यायामाची जागा हवी होती."

मी त्याच आठवड्यात हालिनाबाईंना म्हटलं, एवाला दाखवा तुमचा हात. त्यांनी फोन माझ्याकडून काढून घेऊन उलटा ठेवला, म्हणजे विषय संपला. पण पुढच्या रविवारी त्यांनी एवाला बोलावलं, टेबलावर पहिला पूर्ण झालेला कोंबडा ठेवला आणि शेजारी स्वतःचा हात ठेवला. मी तिथे नव्हते. एवाने नंतर सांगितलं. डॉक्टर झाले, गोळ्या सुरू झाल्या, कंप थोडा कमीही झाला. कात्री धरण्याइतका नाही, चहाचा कप पूर्ण भरण्याइतका.

लग्नात हॉलच्या प्रत्येक खिडकीला कोंबडे होते, आणि मागून येणाऱ्या उन्हाने त्यांचे रंग फरशीवर सांडले होते. दाराशी नवरा-नवरीला पाव आणि मीठ दिलं. आपल्याकडे भाकरतुकडा ओवाळून टाकतात, इथे तो खायला देतात, एवढाच फरक. बायका खिडक्यांपाशी जाऊन बघत होत्या, हालिनाबाईंना विचारत होत्या, हे सगळं तू केलंस? हालिनाबाईंनी मला कोपरापाशी धरून पुढे ओढलं आणि काहीतरी सांगितलं. बायका हसल्या, माझे गाल ओढले. मी एवाकडे पाहिलं. "ती म्हणतेय," एवा म्हणाली, "ही माझी कात्री."

दोन वर्षांनी मला कामाची परवानगी मिळाली. पहिल्या मुलाखतीत मी काय दाखवलं असेल ते सांगायला नको. हालिनाबाई आता विस्कॉन्सिनमध्ये असतात. एवाच्या नवऱ्याची तिकडे बदली झाली आणि आई अर्थातच बरोबर गेली. रविवारी आमचा कॉल होतो. आता मध्ये भाषांतराचा फोन नसतो. त्यांचं जेमतेम इंग्रजी, माझी त्याहून जेमतेम पोलिश, आणि दोघींची माया. पोलिशमध्ये 'धन्यवाद' उठताबसता म्हणतात. आपल्याला ते जड जातं. घरच्या माणसाचे आभार मानले की तो म्हणतो, परका समजलीस का? म्हणून मी त्यांना तसं कधी म्हटलं नाही. मी फक्त दर हिवाळ्यात त्यांना खसखस पाठवते, निळी, नीट बघून.

त्या हिवाळ्याचा शेवट मात्र सांगायचा राहिला. मी इथे आले तेव्हाच बर्फ पडून गेला होता, त्यामुळे ज्या जागेत मी राहत होते तिची जमीन मी कधी पाहिलीच नव्हती. एप्रिलमध्ये शेवटचा बर्फ वितळला आणि एका सकाळी खिडकीतून खाली बघितलं, तर आमच्या दारापासून हालिनाबाईंच्या दारापर्यंत माझ्या बुटांनी तुडवलेला सरळ पट्टा, आणि तो बरोब्बर एका फुलांच्या वाफ्यातून गेलेला. खरी सिमेंटची वाट बाजूने लांबून वळसा घालून होती. वाफा हालिनाबाईंनी केलेला होता. त्यात ट्यूलिपचे कंद होते. दोन्ही बाजूंना हिरवे कोंब वर आले होते आणि मधल्या पट्ट्यात नुसता चिखल.

मी चप्पल घालून तशीच धावले. हालिनाबाई पायरीवर चहा घेऊन बसल्या होत्या. मी चिखलाकडे बोट दाखवलं, स्वतःकडे दाखवलं, कान धरले. सगळा हिवाळा तुम्ही खिडकीतून बघत होतात, मग बोलला का नाहीत, असं फोनला विचारायला लावलं.

त्यांनी वाफ्याकडे पाहिलं. खांदे उडवले.

"ते झोपलेले होते," फोन म्हणाला. "आणि तुला लांबच्या वाटेने पाठवलं असतं, तर तू रोज आली असतीस का?"

पंधरा दिवसांनी मधल्या पट्ट्यातही ट्यूलिप आले. जरा उशिरा, जरा बुटके. पण आले.